माळाचे गवत आणि उतारावरील वेग

पाबळ व आसपासची शिरूर तालुक्यातील गावे पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. येथील माळ व टेकड्यांचे उतार वर्षातील बराच काळ पिवळे व रूक्ष दिसतात, आणि म्हणून अशा जमिनीस पडीक म्हणण्याची रूढी पडली आहे. ही समजूत चुकीची आहे. त्या उतारांवरील कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते खालच्या शेताची राखण करीत असतात. ती कशी, हे समजण्यासाठी प्रथम उतारावरून घरंगळणाऱ्या दगडाचा विचार केला पाहिजे.

कोणतीही वस्तू उंचावर नेली की तिच्या ठायी काही शक्ती साठते. ती खाली येताना ही शक्ती वेगाच्या रूपाने प्रकट होते. 20 मीटर उंचीवरून एखादी वस्तू काहीही अडथळा न होता निसटत खाली आली, तर पायथ्याशी तिचा वेग ताशी सुमारे 71 किलोमीटर होईल. तितक्याच उंचीवरून भरीव वाटोळा धोंडा घरंगळत आला, तर त्याचा वेग सुमारे 60 किलोमीटर भरतो; कारण शक्तीचा काही भाग स्वतःभोवती फिरण्यात खर्ची पडतो. कड्यासारखी पोकळ वस्तू फिरण्यात निम्मी शक्ती घालविते; तिचा वेग 50 किलोमीटरच्या आसपास राहतो. धोंडा पाच किलोचा असो वा पन्नास किलोचा, या हिशेबात फरक पडत नाही.

हे नुसते सांगून पटत नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला, तो हाताने काम करीत शिकावे या विचाराने. त्याच रीतीने ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने चावडीपुढे एक फळी तिरपी ठेवावी आणि तिच्यावरून काचेची गोटी व बांगडी एकाच वेळी सोडावी. गोटी नेहमी पुढे जाईल. इटलीतील गॅलिलिओने तिरप्या फळीवरून काशाचा गोळा सोडूनच पतनाचा नियम शोधला व 1638 साली तो प्रसिद्ध केला. तेव्हा साधन साधे आहे म्हणून संकोचण्याचे कारण नाही. यानंतर फळीवर गोणपाट अंथरून तीच गोटी पुन्हा सोडावी. ती रेंगाळत येते, आणि उतार कमी असल्यास मध्येच थांबते.

गोणपाटाने जे केले तेच माळावर गवत करते. दगडाखाली गवताची काडी वाकते, ठोंब दबतो, मुळाशी माती किंचित हलते. या प्रत्येक कामी दगडाची शक्ती खर्च होते व ती त्यास परत मिळत नाही. गवतातून गाडी ओढताना बैलांना अधिक जोर लागतो, हे प्रत्येक गाडीवानास ठाऊक आहे. सपाटीवर जो तोटा, तोच उतारावर लाभ. दख्खनचा काळा पाषाण कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे झिजत असल्याने आपल्या टेकड्यांवर वाटोळे धोंडे पुष्कळ आढळतात. म्हणून चर खोदण्याच्या कामावर मजुरांची एक रांग दुसरीच्या बरोबर खाली कधीही लावू नये. सुटलेला धोंडा ओरडण्यासही अवसर देत नाही.

परंतु दगड क्वचित सुटतो. पाणी प्रत्येक पावसात सुटते. एक हेक्टर उतारावर 25 मिलिमीटरची एक सर पडली म्हणजे अडीच लाख लिटर, अर्थात 250 टन पाणी आले. पावसाचा मोठा थेंब सेकंदास आठ-नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या मुरमाड जमिनीवर तो मातीचे कण उडवितो, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. आणि गणिताप्रमाणे, त्यास पूर्वीच्या 64 पट वजनाचा दगड ढकलता येतो. ओढ्यात एका पुरात मोठमोठे धोंडे कसे सरकले, याचे आश्चर्य वाटणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. गवताच्या पात्यांवर थेंब फुटतो, ठोंबांमधून वाट काढताना पाण्याचा वेग मोडतो, आणि मुळांच्या वाटेने ते जमिनीत उतरते.

सलग समतल चराचे तत्त्वही हेच. उताराची लांबी तोडावयाची व पाण्यास वेग घेऊ द्यावयाचा नाही. साधारणपणे हा चर 60 सेंटिमीटर रुंद व 30 सेंटिमीटर खोल घेतात. चर समपातळीत नसेल तर मात्र तोच पाट बनतो, सारे पाणी एका टोकास धावते आणि तेथे नवी घळ पडते. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जेथे गवत दाट व जुने आहे तेथे यंत्राने चर खोदून ते उखडणे हे संरक्षण नसून नुकसान होय. चर विरळ व उघड्या उतारावर घ्यावेत. कामाची लांबी भरविण्यासाठी चांगला माळ फोडू नये.

उन्हाळ्यात माळ पेटविण्याची चाल काही ठिकाणी आहे. कोवळे गवत लवकर फुटते हे खरे. परंतु वळवाचे जोरदार पाऊस नेमके त्याच वेळी येतात आणि त्या वेळी उतारावर पाते उरलेले नसते. त्यापेक्षा गवत कापावे. कुसळी कुसळे धरण्यापूर्वी, फुलोरा येत असतानाच कापली तर वैरण चांगली मिळते व मेंढरांच्या लोकरीत कुसळे रुतत नाहीत. कापताना चार बोटे बुडखा राखावा. चराईसाठी माळाचे भाग पाडून ते पाळीपाळीने बंद ठेवावेत, आणि हा निर्णय गावातील मेंढपाळांना बरोबर घेऊनच करावा. अन्यथा तो कागदावर राहतो.

शंका असणाऱ्या शेतकरीबंधूंनी पहिल्या वळवाच्या पावसात एक गवताळ व एक उघडा, परंतु सारख्याच चढाचे, असे दोन उतार निवडावेत. दोहोंच्या पायथ्याशी वाहणारे पाणी एकसारख्या दोन बाटल्यांत भरून रात्रभर स्थिर ठेवावे. सकाळी तळाशी बसलेला गाळ बोटांनी मोजावा, बाटलीवर तारीख व पाऊस लिहावा आणि दोन्ही बाटल्या ग्रामसभेत समोर ठेवाव्यात.