आधी काळ्या रेघा मोज

बाळा, परवा तू तो इअरफोन माझ्या पुढ्यात टाकलास आणि म्हणालास, "आजोबा, काकाच्या जुन्या फोनच्या डब्यातला कोरा काढला, तरी खराब. पेटी लांबून ऐकू येते, गाणारीणच गायब!" नारायणगावच्या कुशीत राहून लावणीतली गाणारीण हरवायची म्हणजे कमालच. पण माल खराब नव्हता. वायरवरचं माइकचं बटण दाबून धरल्याबरोबर तिचा आवाज परत आला, हे तू पाहिलंस. ही खूण विसरू नकोस.

पिन उजेडात धर. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या त्या पिनेवर काळ्या रेघा असतात. दोन असल्या तर पिनेचे तीन भाग: डावा कान, उजवा कान आणि अर्थ, म्हणजे दोघांची परतीची वाट. तीन असल्या तर चौथा भाग माइकचा, आणि सगळं भांडण त्याच्यावरून. टोकाला डावा, मागे उजवा, इथवर सगळ्यांचं एकमत. त्यापुढे २०१० च्या आसपासच्या बऱ्याच फोनांत आधी माइक आणि शेवटी अर्थ असायचा. आताच्या फोनांत आधी अर्थ, शेवटी माइक. जुन्या जोडणीला ओएमटीपी म्हणतात, नवीला सीटीआयए. दुकानात ही नावं लागतील, एरवी नाही.

जोडणी उलटी झाली की दोन्ही कानांची परतीची वाट माइकमधून जाते, म्हणजे जवळजवळ बंदच होते. आपल्या वस्तीवर न्यूट्रल तुटला तेव्हा एक बल्ब भगभगला आणि दुसरा मिणमिणला होता ना, तसाच हा गोंधळ. गाणारीचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा भरलेला असतो, त्यामुळे तोच मरतो आणि दोन्हींतला फरक तेवढा उरतो. बटण दाबलं की माइक शॉर्ट होतो आणि वाट मोकळी होते. उपाय म्हणजे जोडणी उलटवणारा छोटा कन्व्हर्टर. मी रेडिओ दुरुस्त करायचो तेव्हा पिन कापून नवी डकवली असती. पण या वायरीतल्या तारा केसासारख्या, वर लाखेचा लेप. तो जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही, आणि जाळताना निम्मी तार जाते. तू त्या फंदात पडू नकोस.

मात्र कन्व्हर्टर आणण्याआधी फोनचं कव्हर काढून बघ. कव्हर जाड असलं की पिन पूर्ण बसत नाही आणि हुबेहूब हाच रोग दिसतो. मग भोकात डोकाव. विजारीच्या खिशातला कापूस आणि शेतातली माती आत दाबून दाबून बसते. फोन बंद कर, लाकडी काडीने हळू कोरून काढ. टाचणी घालू नकोस, तोंडाने फुंकूही नकोस, थुंकी आत जाते. इअरफोन काढल्यावरही वर हेडफोनचं चिन्ह राहिलं, तर भोक ओलं किंवा मळलेलं असतं.

एवढं करून जमलं नाही तर अदलाबदल कर: हाच इअरफोन ताईच्या फोनला, ताईचा तुझ्याला. दोष कुणाकडे आहे ते दोन मिनिटांत कळतं. आयफोनचा इअरफोन आपल्या फोनवर गाणं वाजवेल, पण त्याची आवाज कमी-जास्त करायची बटणं बहुधा चालणार नाहीत. तो बिघाड नव्हे, त्यांची भाषाच वेगळी.

भोकच नसलेल्या फोनला टाइप-सीचा कन्व्हर्टर लागतो. तो दोन जातींचा मिळतो. एकात नुसत्या तारा. फोनने आवाजाचं काम स्वतः केलं तरच चालतो. दुसऱ्यात डीएसी नावाची चिप असते. थोडे पैसे जास्त जातील, पण डीएसीवालाच माग. तो लावूनही आवाज आला नाही तर सेटिंगमध्ये ओटीजी चालू आहे का बघ. काही फोनांत ते थोड्या वेळाने आपोआप बंद होतं.

आणि वायरीला जुनाट म्हणून हसू नकोस. फोनमध्ये एफएम असेल तर ही वायरच त्याचा अँटेना. खोडदला आकाशातल्या लहरी धरायला पंचेचाळीस मीटरच्या तबकड्या उभ्या केल्यात. पुण्याचा रेडिओ धरायला तुला हातभर वायर पुरते.

आता एवढं ऐक. रात्रीची लाइट असली की तू कानात बोंडं खुपसून उसात पाणी भरायला जातोस. येडगावच्या उसात बिबट्या आहे आणि पाचट वाजलेलं तुला ऐकू यायला हवं. बांधावर चढण्याआधी वायर गुंडाळून खिशात घाल आणि गाणं मोठ्याने फोनच्या स्पीकरवर लाव, म्हणजे त्यालाही तुझी चाहूल लागेल.