मत्स्यपेटीतील मासे रंग का बदलतात?

शाळेच्या मत्स्यपेटीत नवे मासे सोडले की ते कित्येकदा काही तासांतच फिकट दिसू लागतात. मासे आजारी पडले, असे समजून पाण्यात औषध टाकले जाते. बहुधा त्याची आवश्यकता नसते.

माशाच्या त्वचेत रंगद्रव्ययुक्त पेशी असतात. त्यांतील काळे कण पेशीच्या मध्यभागी गोळा झाले की मासा फिकट दिसतो; पसरले की गडद होतो. मज्जासंस्था व संप्रेरके ही क्रिया नियंत्रित करतात. प्रवासाचा ताण, प्रखर प्रकाश किंवा तळाची पांढरी वाळू यांमुळे रंग उतरतो. मासा स्थिरावल्यावर, विशेषतः तळाशी गडद खडी व आडोशाला पाणवनस्पती असल्यास, तो पुष्कळदा परत येतो. तांबडा-नारिंगी रंग मात्र मुख्यतः आहारातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड द्रव्यांवर अवलंबून असतो. तो सावकाश उतरतो व सावकाशच भरून येतो.

तथापि रंग उतरण्याबरोबरच मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागल्यास दोष पाण्यात असण्याचा संभव असतो. नव्या पेटीत अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू वाढण्यास काही आठवडे लागतात. म्हणून प्रारंभी मोजकेच मासे ठेवावेत, खाद्य बेताने घालावे आणि क्लोरीन निघून गेलेले पाणी थोडे थोडे बदलावे. विद्यार्थ्यांनी रंगाची रोज नोंद ठेवल्यास हा निरीक्षणाचा उत्तम पाठ ठरेल.