मांजर, दूध आणि यंत्र

पुढची दोन वाक्ये मोठ्याने वाचा.

मांजराने दूध प्यायले, कारण ते उघडे होते.
मांजराने दूध प्यायले, कारण ते उपाशी होते.

पहिले 'ते' म्हणजे दूध. दुसरे 'ते' म्हणजे मांजर. हे तुम्हाला कुणी शिकवले? कुणीच नाही. उघड्या भांड्यात मांजर तोंड घालते हे आपण लहानपणापासून बघतो. व्याकरण इथे कामाला येत नाही. मांजर नपुंसकलिंगी, दूधही नपुंसकलिंगी. आम्ही जन्मभर व्याकरण शिकवले, तरी हे कबूल करतो.

कॉम्प्युटर नावाच्या यंत्राचे इथेच अडले. ७ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी एका यंत्राने रशियन वाक्यांचे इंग्रजी करून दाखवले. त्याला २५० शब्द आणि ६ नियम दिले होते. पाच वर्षांत काम फत्ते, असे तेव्हा वाटले. तसे झाले नाही. १९६० साली बार-हिलेल नावाच्या विद्वानाने खोट दाखवली. इंग्रजीत 'पेन' म्हणजे लेखणी, आणि तान्ह्या मुलाला खेळायला ठेवतात तो कठडाही 'पेन'च! पेटी पेनमध्ये होती, असे म्हटले तर? पेटी लेखणीत मावत नाही हे शेंबड्या पोराला कळते. यंत्राला कोण सांगणार?

१९८४ पासून डग्लस लेनाट व त्यांच्या सोबत्यांनी असल्या साध्या गोष्टी एकेक करून यंत्रात लिहायला घेतल्या. वर्षानुवर्षे लिहिले, पण जगाचे शहाणपण काही संपेना.

आता रीत बदलली आहे. यंत्राला अफाट मजकूर दाखवतात आणि पुढचा शब्द ओळखायला लावतात. चुकले की दुरुस्ती, की पुन्हा ओळख. असे कोट्यवधी वेळा. म्हणून मांजर-दुधाचे कोडे आजची चांगली यंत्रे बहुधा सोडवतात. पण मांजर त्यांनी पाहिलेले नाही बरे का! शेजारचे शब्द बघून अंदाज बांधतात. मराठी मजकूर त्यांना इंग्रजीपेक्षा पुष्कळ कमी मिळाला, तेव्हा मराठीत चुका जास्त.

'उतारा' हाच शब्द घ्या. सातबाराचा उतारा, विषावरचा उतारा, पुस्तकातला उतारा. फोन कागद वाचून दाखवतो, ती सोय चांगली. पण जमिनीच्या कागदाचा अर्थ त्याने सांगितला, तरी नाव, गट नंबर आणि क्षेत्र स्वतः बोट ठेवून वाचा. आता तुम्हाला वाचता येते.

सांगा पाहू: 'डब्यात लाडू मावला नाही, कारण तो मोठा होता.' कोण मोठा? आता 'मोठा' खोडून 'लहान' लिहा आणि पुन्हा वाचा.