हळदीचे पेटंट

मुलांनो, खेळताना गुडघा खरचटला, की आजी त्यावर हळद दाबते ना? १९९५ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी याच उपायाचे पेटंट मिळवले! पेटंट म्हणजे नव्या शोधावरचा हक्क. त्या देशात मग इतरांना परवानगीवाचून तो शोध वापरून धंदा करता येत नाही. पण हळदीचा हा गुण नवा कुठे होता?

गोव्यातील माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने हरकत घेतली. ‘आमची आजी असेच करते,’ एवढे सांगून भागणार नव्हते. लेखी पुरावा हवा होता. मग संस्कृत, उर्दू, हिंदीतील जुने ग्रंथ आणि लेख धुंडाळले. असे ३२ पुरावे अमेरिकेच्या पेटंट कार्यालयापुढे ठेवले. १९९७ साली त्या कार्यालयाने हळदीचे पेटंट रद्द केले.