धावत येणारे लेकरू

वाचकहो, आजच्या पाठासाठी आम्ही एक लहानसा प्रसंग घेतला आहे. कोणी तरुण बाई सेवाभावाने परदेशी जाते. तेथील अनाथाश्रमाच्या अंगणात ती पाऊल टाकते न टाकते तोच चार वर्षांचे एक लेकरू धावत येऊन तिचा हात धरते व मांडीवर चढून बसते. ओळख ना पाळख! पाहुणीचे डोळे भरून येतात. "किती प्रेमळ हे मूल!" असे ती म्हणते. परंतु हा अर्थ बरोबर आहे काय? याचा आपण शांतपणे विचार करू.

पहिली गोष्ट. आपल्या घरचे मूल पाहा. दारी अनोळखी मनुष्य आला म्हणजे ते आईच्या पदराआड लपते. ज्यास आपले माणूस ठाऊक आहे, त्यासच परके कोण हे कळते. ज्यास कायमचे असे कोणीच नाही, ते प्रत्येकाकडे धावते. रुमानिया देशातील बुखारेस्ट शहरी 2000 साली शास्त्रज्ञांनी संस्थांतील 136 मुलांचा अभ्यास आरंभिला. त्यांपैकी निम्मी मुले पालक-कुटुंबांत ठेविली. त्या मुलांची बुद्धी व जिव्हाळा जोडण्याची शक्ती संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा चांगली वाढली. यावरून परक्याच्या गळ्यात पडणे हे पुष्कळदा तृप्तीचे नव्हे, तर भुकेचे चिन्ह असते, हे ध्यानात यावे.

दुसरी गोष्ट. पाहुणी पंधरा दिवस राहते आणि जाते. तिच्या जागी दुसरी येते, तीही जाते. पाहुणीस निरोप एकदाच घ्यावा लागतो, मुलास मात्र तो वारंवार सोसावा लागतो. आम्हांस वाटते की, या हिशेबाकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते.

तिसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ही सर्व मुले खरोखर अनाथ असतात काय? कंबोडिया देशात 1975 ते 1979 या काळातील राजवटीत लक्षावधी माणसे मेली व असंख्य मुले पोरकी झाली. पुढे तो काळ सरला. तरी 2005 साली तेथे 154 अनाथाश्रम होते, ते 2010 साली 269 झाले. युनिसेफच्या साह्याने झालेली पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली. तीवरून असे दिसले की, त्यांतील 4 मुलांपैकी सुमारे 3 मुलांचे आई किंवा बाप हयात होते. गरिबीमुळे व मूल शिकावे या आशेने आईबापांनीच त्यांस तेथे पोहोचविले होते. पाहुणे येत, कळवळत व देणगी देत. आणि देणगी येते म्हणून काही ठिकाणी मुले गोळा केली जात. देणगी देणाऱ्यांत परदेशच्या मंडळ्याही होत्या. त्यांचा हेतू शुद्ध होता. पण तेवढ्याने परिणाम शुद्ध होत नाही. 2019 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथाश्रमांतील अशा स्वयंसेवेपासून मुलांस होणाऱ्या अपायाविषयी इशारा दिला.

मग परदेशी सेवेस जाऊच नये काय? असे आम्ही म्हणत नाही. जाणाऱ्याने तेथील शिक्षकास, दाईस व आईबापास हातभार लावावा. कारण तो गेल्यावरही ती माणसे मुलाजवळ राहतात. ज्या पैशाने मूल संस्थेत पोसले जाते, त्याच पैशाने ते पुष्कळदा आपल्या घरी राहून शाळेस जाऊ शकते.

हा पाठ केवळ दूरदेशचा आहे असे कोणी समजू नये. आपल्या वसतिगृहातही पाहुणे येतात. तेव्हा आपण मुलांस रांगेत उभे करून गाणी म्हणावयास लावितो व त्यांची छायाचित्रे घेऊ देतो. त्या वेळी मुलाच्या मनात काय चालले असेल, हे त्यास कोणी विचारिले आहे काय?

मननासाठी प्रश्न :

1. अनोळखी माणसास बिलगणारे मूल आपणांस काय सांगत असते?

2. आपल्या गावातील कोणते मूल केवळ गरिबीमुळे आईबापांपासून दूर आहे? त्या घरास कोणते साह्य मिळाले असता ते परत येईल?

3. आपले दान मुलास घराजवळ आणिते की घरापासून दूर नेते?