रंग सर्वांत शेवटी

आमच्या घरची स्प्लेंडर माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. १९९७ सालची. तिच्या पाटीवर अजूनही एम.एच. ३० म्हणजे अकोल्याचा नंबर आहे, कारण वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. आमच्या गल्लीत एम.एच. ३७ वाल्या गाड्या भरपूर, ही एकटीच जुन्या जिल्ह्याची. बाबा तिच्यावरून रोज शाळेत शिकवायला जातात, जाऊन-येऊन ३६ किलोमीटर.

२०२३ च्या दिवाळीआधी रिसोड रस्त्यावर संध्याकाळी तुरीतून एक रोही उडी मारून थेट गाडीसमोर आला. (पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी: रोही म्हणजे नीलगाय. मोठा नर दोनशे किलोच्या पुढे भरतो.) बाबांचं कॉलरबोन मोडलं. रोही उठून पळून गेला. गाडीचं पुढचं चाक रिकामं पोतं दुमडावं तसं दुमडलं होतं.

नंतर होस्टेलवर बसून मी हिशोब केला. गाडी आणि बाबा मिळून साधारण १८० किलो, वेग ताशी ५० धरला तर ऊर्जा होते सुमारे १७ हजार ज्यूल. हीच गाडी जवळपास दहा मीटर उंचीवरून, म्हणजे आपल्या होस्टेलच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सोडली तर खाली जेवढी आपटेल तेवढी! त्यातली काही रोह्यानं घेतली, काही बाबांच्या खांद्यानं, आणि उरलेली गाडीच्या लोखंडात कुठेतरी जिरली. कुठे, हे शोधणं म्हणजेच ठोकलेली गाडी दुरुस्त करणं. पण हे मला तेव्हा कळत नव्हतं.

भंगारवाला ४,००० द्यायला तयार होता. बाबांचा हात गळ्यात, आईचं म्हणणं "विकून टाका", आणि मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी! मी जाहीर केलं की गाडी मी घरीच उभी करणार. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात गाडी खोलली आणि मला जे सगळ्यांत जास्त दिसत होतं तिथून सुरुवात केली. म्हणजे रंग. दोन दिवस चेसिसचा पुढचा भाग, हेडपाइपच्या आजूबाजूचा, सँडपेपरनं घासून चकचकीत केला आणि वर प्रायमर मारला. फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचे मिस्त्रीकाका पाहायला आले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "काहून वं माय, रंग मारल्यानं गाडी सरळ होते काय? साक्षीदारच पुसून टाकला तू!"

मी शाळा कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळावर सोडते. पण 'साक्षीदार' हा शब्द मला नीट कळला आणि लागलाही. कंपनीचा जुना रंग कडक असतो. खालचं लोखंड ताणलं गेलं की ते लोखंड टिकतं, पण वरचा रंग तितका ताणला जात नाही, त्याला बारीक चिरा पडतात. हेडपाइपच्या खाली, चेसिसच्या नळ्या जुळतात तिथे, रंगाला जाळीसारख्या चिरा किंवा सुरकुत्या दिसल्या तर समजावं की तिथलं लोखंड हललं आहे. एक्सपेरिमेंटल स्ट्रेस अॅनालिसिसमध्ये 'ब्रिटल कोटिंग' नावाची पद्धत हेच करते: पार्टवर ठिसूळ लॅकर फवारायचं, भार द्यायचा, आणि चिरा कुठे पडतात त्यावरून ताण कुठे जास्त आहे ते वाचायचं. आमच्या गाडीवर ही टेस्ट रोह्यानं फुकट करून दिली होती आणि मी तिचा रिझल्ट ८० नंबरच्या पेपरनं खरवडून टाकला! म्हणून घासण्याआधी गाडी फक्त धुवा, उन्हात उभी करा आणि भिंग घेऊन बघा.

आता साक्षीदार नाही म्हटल्यावर मोजमाप करणं आलं. पहिली दोरीची परीक्षा. स्प्लेंडरचे पुढचे-मागचे दोन्ही टायर २.७५-१८ मापाचे, रुंदी सारखीच. भंगारातून आणलेलं एक सरळ चाक तात्पुरतं पुढे बसवलं. भावाला गाडी सरळ धरायला लावली, मागच्या टायरला दोरी गुंडाळली आणि दोन्ही बाजूंनी, स्टँड-फूटरेस्टला अडणार नाही अशी, ताणून पुढे नेली. सगळं सरळ असेल तर दोरी पुढच्या टायरला दोन्हीकडून जेमतेम घासून जाते. माझ्याकडे डावीकडे ९ मिलिमीटर फट आणि उजवीकडे दोरी टायरला टेकून वाकलेली. मला रडूच आलं. चेसिस आउट, म्हणजे संपलं सगळं!

मिस्त्रीकाका म्हणाले, "आंधी चैन पाह्य." चेन ताणायचे दोन अॅडजस्टर असतात, त्यांच्यावर खुणा असतात. डावीकडची खूण एक घर पुढे, उजवीकडची मागे. मागचं चाकच तिरपं होतं आणि ते अपघातानं नव्हे, मागच्या वेळी चेन ताणणाऱ्यानं केलेलं. खुणा सारख्या केल्यावर फट ४ मिलिमीटर राहिली. म्हणजे चूक अजून होती, पण अर्ध्याहून कमी. मोजताना ज्याला शून्य धरलं ते शून्य आहे का हे आधी बघायचं, हे मी मेट्रॉलॉजीच्या पेपरमध्ये लिहून मार्क घेतले होते, बरं का.

मग ओळंबा. हा शब्दही मला तेव्हाच कळला. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन लावून सोडतो तो. गाडी मेन स्टँडवर उभी करून मागचं चाक ओळंब्याला लावलं, पुढचं बघितलं तर ते कललेलं. आता प्रश्न एवढाच, की कलले आहेत ते शॉकअप की चेसिसचा हेडपाइप? दोन्ही शॉकअप आणि त्यांना धरणारी टी काढली, हेडपाइपमधून एक सरळ, घट्ट बसणारा पाइप घातला आणि समोर उभं राहून ओळंब्याशी ताडून पाहिलं. समोरून बघताना पाइप आणि दोरी समांतर दिसली पाहिजेत. दिसली. तीनदा बघितलं, भावाला बघायला लावलं, मग आत जाऊन आईला सांगितलं की चेसिस वाचली.

शॉकअपचे दोन्ही पाइप मी पिशवीत घालून कॉलेजला आणले. वर्कशॉपमधल्या सरांनी व्ही-ब्लॉक आणि डायल गेज काढून दिला. पाइप व्ही-ब्लॉकवर फिरवला की काटा जेवढा हलतो त्याच्या निम्मा वाक असतो, कारण तोच बाक एकदा वर येतो आणि एकदा खाली. एका पाइपवर काटा १.८ मिलिमीटर हलला, म्हणजे वाक ०.९. डोळ्यांना हा पाइप अगदी सरळ दिसत होता. दुसऱ्याचा वाक ०.१५. प्रेसवर सरळ करून मिळत होता, पण मी नको म्हटलं. एक तर वाकलेल्या जागी क्रोमला चिरा होत्या. ते ऑइल सील फाडणार आणि तेल गळणार. दुसरं, एकदा एका दिशेनं वाकलेला धातू उलट दिशेनं वाकवताना आधीपेक्षा कमी ताणाला नमतो. योहान बाउशिंगर या जर्मन अभियंत्यानं १९ व्या शतकात हे दाखवलं. व्हायवाला सगळे हे नाव पाठ करतात, मी ते पाइप विकत घेताना आठवलं. दोन्ही नवे घेतले.

कोनसेट, म्हणजे हँडल ज्या गोळ्यांवर फिरतं ते, बघताना गंमत झाली. हँडल सरळ आणलं की ते मध्ये अडकल्यासारखं व्हायचं. उघडलं तर वाटीत गोळ्यांचे ठसे उमटलेले. आपण लॅबमध्ये ब्रिनेल टेस्टला गोळी दाबून जसा खड्डा करतो, अगदी तसेच. त्या प्रकाराला नावही ब्रिनेलिंगच आहे. कोनसेट सरळ बदलायचा, ग्रीस भरून काही होत नाही.

घरात खरा वाद झाला तो टी-वरून. खालची टी स्वच्छ केली, जुन्या बाटलीत उरलेलं रॉकेल ब्रशनं लावलं, अर्धा तास ठेवलं, कोरडी पुसली आणि खडूची भुकटी चोळली. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. डाय पेनेट्रंट टेस्टची ही आजी. पूर्वी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये असंच तेल आणि खडू वापरून पार्ट तपासत. (इथेही सँडपेपर नको. घासल्यानं धातू पसरून चिरेचं तोंड बंद होतं. चेसिसवर मारलेलं प्रायमर मला म्हणूनच पेंट रिमूव्हरनं काढावं लागलं. तिथे सुदैवानं काही निघालं नाही.) टी-वर मात्र मधली दांडी जिथे बसते तिथे नखाएवढी रेघ आली.

बाबा म्हणाले, "वेल्डिंग दीडशे रुपयात होतं. नवीन कशाला?" आठ महिन्यांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. मी सांगितलं की टी-चं पोलाद कुठलं, त्यावर कोणती उष्णता-प्रक्रिया केली हे आपल्याला माहीत नाही, वेल्डिंगच्या शेजारचा भाग ठिसूळ होऊ शकतो, आणि चीर आज तुटत नाही, ती प्रत्येक खड्ड्याला थोडी वाढते आणि एके दिवशी तुटते. बाबा ऐकत होते पण पटत नव्हतं. "तू तर पुस्तकातलं सांगतेस." मला रागही आला, कारण त्या टी-वर बसून जाणारे तेच होते. शेवटी टेबलाच्या काचेवर जुनी टी ठेवली. ती डगमगली. बाबा गणिताचे शिक्षक, त्यांनी बोटानं ती दोनदा दाबली, खालून कागद सरकवून बघितला आणि म्हणाले, "ही तर पिळली आहे. वेल्डिंगनं पीळ कसा जाईल?" उठून त्यांनीच पैसे काढून दिले.

नवी रिम, ३६ तारा, आउट काढणं यात एक रविवार गेला. ते काम मिस्त्रीकाकांनी केलं, मी फक्त तारा मोजून दिल्या.

मग आला रंग! मे २०२४. लांबी भरली, १२० पासून ८०० पर्यंत वॉटरपेपर मारला. दुपारच्या ४३ डिग्रीत स्प्रे मारला तर थेंब पत्र्यावर पोचायच्या आधीच थिनर उडून गेलं आणि साइड पॅनल संत्र्याच्या सालीसारखं झालं. घासून जूनच्या पहिल्या पावसानंतर परत मारलं तर रंगावर दुधाळ धुकं आलं: थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर साचतं. सकाळी आठची, कोरडी वेळ बरोबर ठरली. हार्डनरवाला पीयू रंग मी घरी मारला नाही. त्यातल्या आयसोसायनेटनं दमा होऊ शकतो, धुळीचा साधा मास्क ते अडवत नाही, आणि शेजारी लहान मुलं आहेत. एन.सी. रंग घेतला. पण टाकीवर तो मारणं ही माझी दुसरी मोठी चूक. पहिल्याच दिवशी झाकणाजवळ पेट्रोल सांडलं आणि रंग मऊ होऊन सुरकुतला. टाकी शेवटी पेंटरकडे पीयूसाठी दिली. टाकीचा पोचाही त्याच्याकडेच काढला. पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्का असली तरी पेटते, त्यामुळे 'रिकाम्या' टाकीला घरी गॅस-वेल्डिंग दाखवू नका.

रंग काळाच ठेवला, कारण आर.सी. बुकात काळा आहे आणि बदलला तर तिथे नोंद करावी लागते. हेडपाइपवरचा चेसिस नंबर झाकून ठेवला. तो घासला किंवा लांबीखाली गेला तर रिन्युअलला पंचाईत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रिन्युअल असतं, आमचं पुढचं २०२७ ला.

एकूण खर्च ६,८५० रुपये, त्यात टाकीचा दोनदा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात बाबांनी पहिली फेरी मारली. मी मागून भावाच्या गाडीवर, दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का ते बघत. डाव्या पॅनलवर रंगाचा एक ओघळ राहिला आहे, तो अजून काढलेला नाही. बाबा आता शाळेतून अंधार पडायच्या आत निघतात, आणि तुरीच्या दिवसांत रिसोड रस्त्याला चाळीसच्या वर जात नाहीत.