द्राक्षवेलीवरील भुरी

जळगाव-धुळ्याकडे ज्यांच्या अंगणात द्राक्षाचा मांडव आहे, त्या विद्यार्थ्यांसाठी हा लहानसा पाठ आहे. घड चांगले धरावेत, परंतु मणी वाटाण्याएवढे होताच पिठाने माखावेत व पुढे तडकून कुजावेत, असे झाले म्हणजे वर्षाची मेहनत व्यर्थ जाते. या रोगास भुरी म्हणतात.

भुरी ही एक सूक्ष्म बुरशी होय. तिचे तंतू पानांवर व मण्यांवर पसरून सालीतून रस शोषतात. कोवळ्या मण्याची साल त्यामुळे वाढेनाशी होते. आतील गर मात्र वाढतच राहतो, आणि मणी फुटतो.

बुरशी म्हटली की पाऊस हवाच, अशी सर्वसाधारण समजूत असते. भुरीस ती लागू पडत नाही. तिला पानावर पाण्याचा थेंबही लागत नाही. सौम्य हवा, ढगाळ दिवस व दाट पाला एवढे तिला पुरते. ऑक्टोबरात छाटलेली वेल सुमारे नोव्हेंबरअखेर फुलते, आणि त्यानंतरचे तीन-चार आठवडे मणी रोगास सहज बळी पडतात. सारांश, आपण निर्धास्त असतो तो डिसेंबरचा कोरडा हिवाळाच खऱ्या पहाऱ्याचा काळ होय.

औषधापूर्वी रोग ओळखावा. पानावरील पांढरी भुकटी बोटाने पुसली जात असेल, तर ती भुरी. पानाच्या वर तेलकट पिवळा डाग व त्याच्याच खाली पांढरी लव असेल, तर तो केवडा. केवड्यास मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण चालते. भुरीस गंधक हवे.

हे गंधकाचे ज्ञान एका माळ्याच्या चौकसपणाचे फळ आहे. 1845 साली इंग्लंडातील मार्गेट येथे टकर नावाच्या माळ्यास द्राक्षांवर ही भुकटी दिसली. पीच झाडाच्या भुरीशी तिचे साम्य पाहून त्याने गंधक व चुना पाण्यातून वापरून पाहिला. पुढे फ्रान्सचे मळे याच रोगाने उजाड होऊ लागले, तेव्हा गंधकानेच ते सावरले.

उपाय असा करावा. घडांभोवतालची दाट पाने विरळ करून उजेड व वारा खेळू द्यावा. रोगट पाने मांडवाखाली न टाकता जाळावीत. पाण्यात मिसळणारे गंधक लिटरास 2 ग्रॅम घेऊन सकाळी किंवा सायंकाळी पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावे. फवारताना नाकातोंडास फडके बांधावे व डोळे जपावेत. पारा 35 अंशांच्या वर असता गंधकाने पाने करपतात. खानदेशच्या उन्हाळ्यात हे विसरू नये. निंबोळी तेल वापरले असल्यास दोन आठवडे गंधक वर्ज्य समजावे. फवारणी व तोडणी यांत किती दिवसांचे अंतर हवे, ते वेष्टनावर वाचून पाळावे, व घड धुऊनच लहान मुलांच्या हाती द्यावेत.

तडकलेला मणी कोणत्याही औषधाने सांधत नाही. म्हणून फुलोऱ्यापासून दर दोन-तीन दिवसांनी पाने उलटून पाहावीत, हाच सर्वांत स्वस्त उपाय होय.